दारापुढची ओळ

हुडकेश्वर, १० ऑक्टोबर १९८१

चि. शामला हिस,

जिजाबाईचा आशीर्वाद. थोरलीनं धाकटीला लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. मनापासून आहे असं समजून उगाच फुगू नकोस.

तुझ्या वकिलाची नोटीस मिळाली. सही घेऊन झाली तरी पोस्टमन हलेना. म्हणाला, "काय हाय वं बाई, रजिस्टर कोनाचं?" मी म्हटलं, माझ्या सवतीनं भिलाईहून मायेनं लिहून पाठवलं. मग दार लावून वाचत बसले. कै. गणपतराव चाफले यांच्या दोन्ही विधवा समान सहहिस्सेदार आहेत, आणि सहहिस्सेदाराला आपला हिस्सा केव्हाही वेगळा करून मागायचा अधिकार आहे. ह्यात मला दोन शब्द बोचले. एक 'केव्हाही', दुसरा 'समान'. ह्या घराचं माप मी ओलांडलं त्यानंतर अकरा वर्षांनी तू ओलांडलंस. मला मूल झालं नाही म्हणून तुला आणली, तुलाही झालं नाही. पण कायद्याला थोरली-धाकटी कळत नाही. दोघींना एका तराजूत घालून मोकळा.

वामनरावाच्या सुनेचं बाळंतपण म्हणून तू महिन्याच्या बोलीवर भावाकडे गेलीस. दोन पातळं नेलीस, ट्रंक इथंच आहे. आता ते पोर पाच महिन्यांचं झालं असेल. ह्यांच्या वर्षश्राद्धाला आलीस ती उभ्या उभ्या, आणि पोर तापलंय म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की त्याला तुझ्या मांडीशिवाय झोप येत नाही. ते पत्र मी चुलीत घातलं. खोटं कशाला सांगू?

वाटणी मागितलीस, वाटणी मिळेल. मात्र ती ह्या घरच्या रीतीनं होईल, वकिलाच्या रीतीनं नाही. आपल्या सासऱ्यांची आणि त्यांच्या भावाची झाली तशी. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं चार लोकांसमोर येऊन पसंत पडेल त्या वाट्यावर आपला हात ठेवायचा. ज्यावर हात पडला तो त्याचा. चांगलं ते धाकटा उचलणार ह्या भीतीनं थोरला लबाडी करत नाही, म्हणून ही रीत.

तेव्हा वाटे मी पाडते. तुला एक पान जास्त जाणार नाही एवढं लक्षात ठेव.

जिजाबाई


हुडकेश्वर, ९ नोव्हेंबर १९८१

शामला हिस,

वाटे पडले. दिवाळीत लोक घराला रंग देतात, मी बागेला दिला.

आधी पटवारी आला होता. त्यानं सहा एकराचा नकाशा मांडीवर पसरला आणि चहा संपायच्या आत वाटणी करून टाकली. म्हणे, "बाई, संत्र्याची बाग एकीले द्या, कोरडं वावर दुसरीले द्या. वावरवालीले जमीन थोडी जास्त. सरस-निरस पाहून जमवून टाका." त्याच्या बापाचं काय जातंय?

मी विचार केला. बाग तुला गेली तर बागेबरोबर हेही तुझ्याकडे गेले, अगदी कागदोपत्री. माझ्या लग्नाच्या वर्षी ह्यांनी घरावर कौलं घातली आणि तुझ्या लग्नाच्या वर्षी बाग फळावर आणली. कौलं दर उन्हाळ्यात फुटतात. बागेला दर वर्षी फळ येतं. हे मी तीस वर्षं पाहत आले, बोलले नाही. आणि बाग माझ्याकडे ठेवून तुला वावर द्यावं, तर तू रीतीप्रमाणे बागेवरच हात ठेवणार आणि सगळं गाव हसणार.

म्हणून बाग मी एकाआड एक ओळीनं वाटली. घरापासून पहिली ओळ गेरूची, दुसरी चुन्याची, तिसरी गेरूची, अशी थेट नाल्यापर्यंत. बुंध्यांना मीच रंग लावला. कंबर अजून धरलेली आहे. जमीन सारखी, झाडं सारखी, ऊन सारखं. विहीर एक दिवसाआड. बागेतला कोठा मधोमध, छपराचं एक पाखं तुझं, एक माझं. कोरडं वावर सरळ मधून कापलं. त्याच्याबद्दल मला कधीच काही वाटलं नाही.

पटवारी पुन्हा आला तेव्हा बागेत उभा राहून डोकं खाजवायला लागला. "हे का वाटनी होय बाई? ही त खाट विनली तुम्ही!"

मी म्हटलं, "तुम्ही कागद करा. खाटीवर कोन झोपते ते मी पाहीन."

आता गेरू का चुना, ये आणि हात ठेव. भिलाईहून नागपूर काही काशी-रामेश्वर नाही.

जिजाबाई


हुडकेश्वर, ४ डिसेंबर १९८१

शामला,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्ड! म्हणजे पोस्टमननंही वाचलं. तू लिहिलंस काय, तर "बाई, तुम्हाला नको असेल ते मला द्या."

हे काय उचलणं झालं? मी एवढी बाग रंगवली, आणि तू दारावर शिळी भाकर मागायला आल्यासारखं लिहितेस. मला नको ते तू घेतेस, असं लोकांना दाखवायचं आहे का? नवरा मला नकोसा नव्हता, शामला.

ठीक आहे. चुन्याच्या ओळी तुझ्या. हात ठेवायला तू आली नाहीस तरी मी तशा मोजते. आणि तुझ्या त्या तुझ्या. यंदा मी सालदार ठेवलेला नाही, मोटर मीच चालवते, पाण्याचा दांड मीच वळवते. माझ्या गेरूच्या झाडांना पाणी देते आणि तुझ्या ओळींच्या तोंडाशी मातीचा बांध घालते. तुझ्या झाडांना तू भिलाईहून पाणी पाज. वेगळं म्हणजे वेगळं, असं तुझ्याच वकिलानं लिहिलं आहे.

थंडी पडली की मला ते दिवस आठवतात. हे म्हणायचे, बाग ताणावर सोडली, आता महिना-दीड महिना पाणी नाही. बरं, पाणी नाही म्हणजे काम नाही. मग तुम्ही दोघं दिवसभर बागेत काय करत होता? मी इकडे म्हशी, दूध, गोवऱ्या. मधेच निरोप यायचा, दोन कप चहा पाठव. दोनच. तुझं हसणं कोठ्यापासून घरापर्यंत ऐकू यायचं, तोंडावर पदर धरायचीस तरीही. आणि रात्री जेवताना हे तुझ्याकडे पाहून म्हणायचे, "आज नाही. अजून दोन दिवस." तू मान हलवायचीस. माझ्या हातातली भाकर तव्यावर करपायची. काय दोन दिवस, कसले दोन दिवस, मी विचारलं नाही. सवतीसमोर नवऱ्याला असलं विचारायला तोंड लागतं, ते मला नव्हतं.

ताणाचं मला कधी खरं वाटलं नाही. हिरव्या झाडाला उपाशी ठेवून कोणाचं भलं होतं? मला ते तुमचं निमित्तच वाटायचं.

आता एकदा तुझी झाडं उपाशी राहू देत.

जिजाबाई


हुडकेश्वर, १६ जानेवारी १९८२

शामला हिस,

तुझ्या भावानं पाठवलेला माणूस येऊन गेला. नंदनवनकडे प्लॉट पाडतो तो मुकुंद. पांढरे बूट घालून बागेत आला. तुझा अर्धा हिस्सा त्याच्या सोसायटीला द्यायचं तुमच्याकडे बोलणं झालं म्हणे. मला कोणी कळवायची तसदी घेतली नाही. उद्या तुझ्या झाडांच्या जागी लोकांचे संडास उभे राहतील आणि तू भिलाईला पोराला अंगाई म्हणशील.

पण तो गेरू-चुना पाहून जागीच थांबला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला आणि म्हणाला, "बाई, ह्या त ओळीत ओळ गुतली. प्लाट पाडाले जागा एका ठिकानी पाह्यजे. याच्यात रस्ता कोठून काढू मी?"

मी म्हटलं, "तुमचा रस्ता फाटकातून हाय, आला तसाच."

त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मी वाटे पाडले ते तुला जास्त जाऊ नये म्हणून. तुला विकता येऊ नये हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण झालं ते बरं झालं.

दुसरं असं की तुझ्या झाडांना पाणी दिलं. पाझर फुटला असं समजू नकोस. संक्रांतीला इंदूबाई तिळगूळ घेऊन आली होती. बागेकडे पाहून म्हणाली, "काहून वं जिजाबाई, एक ओळ जेवते अन् एक ओळ उपाशी? सवतीचा राग झाडाइवर काढून राहिली काय?" तिच्या तोंडून ही गोष्ट संध्याकाळपर्यंत विहिरीवर जाणार हे मला ठाऊक. तुझ्या झाडांची पानं वळून पिवळी पडली होती, खाली सडा झाला होता. हात लावला की पान गळायचं. ती गेली आणि मी फावडं घेऊन बांध फोडले. पाणी आत शिरलं तेव्हा मातीचा सूं सूं आवाज आला. मी उगाच बराच वेळ तिथं उभी होते.

माझी झाडं मात्र पाहण्यासारखी आहेत. हिरवीगार. पाणी घातलं की काय होतं ते येऊन पाहा म्हटलं असतं, पण तुला वेळ नाही.

जिजाबाई


हुडकेश्वर, १९ फेब्रुवारी १९८२

शामला,

तू झाडांना काय करून ठेवलं होतंस ते मला खरं सांग.

तुझी झाडं फुलली. नुसती फुलली नाहीत, पान दिसत नाही असा फुलोरा आहे. ज्यांना मी तहानलेलं ठेवलं, ज्यांची पानं झडली, त्याच ओळी. आणि माझ्या गेरूच्या ओळींना नुसता पाला. चार झाडांवर मिळून ओंजळभर फूल असेल नसेल. मधमाश्या माझ्या ओळी ओलांडून तुझ्याकडे जातात. त्यांनाही गेरू-चुना कळतो. वास घरात येतो, कपड्यांना येतो, पिण्याच्या पाण्याला येतो. ज्या वासानं तीस वर्षं माझं डोकं दुखवलं तो यंदा तू इथं नसूनही आला. म्हणजे तुझं नशीब भिलाईहूनही चालतं.

मला इतका राग आला की मी बादलीत गेरू कालवला. तुझा हात अजून कुठल्याच वाट्यावर पडलेला नाही. पटवाऱ्याचा कागदही तसाच कोरा आहे. चुन्यावर गेरू फासायचा, गेरूवर चुना. फुललेली बाग माझी, पाला तुझा. कोणाच्या बापाला कळणार आहे? पहिल्या झाडाशी बादली ठेवून मी कुंचला बुडवला.

मग कुंचला तसाच धरून बसले. लबाडी करायची तर समोर कोणी तरी फसायला पाहिजे. तू तिथं, पोराच्या बाळमुठी सोडवत. तुला ना फुलाचं काही, ना पाल्याचं. तुला फसवून मला दाखवायचं कोणाला होतं? तो गेरू मी चुलीला लावून टाकला.

तुझ्या झाडांना फळ लागलं तर ते तुझं आहे. हे लिहायला मला किती जड गेलं ते तुला कळणार नाही. पण आधी सांग, हे झालं कसं?

जिजाबाई


हुडकेश्वर, ११ मार्च १९८२

चि. शामला हिस, आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. पोस्टकार्ड पाठवलं नाहीस हे बरं केलंस.

तू लिहितेस, "बाई, तुम्ही ताण दिला. आणि इतका नेमका की मालकांनाही दर वर्षी जमायचा नाही. पाणी सोडायचा दिवस तुम्हाला कसा कळला?" वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. मग रडले. शामला, मला काही कळलं नव्हतं. मी तुझ्या रागानं पाणी तोडलं आणि इंदूबाईच्या भीतीनं सोडलं. एवढीच माझी विद्या.

झाड जरा तहानेला लावलं की फुलतं, आणि सारखं पाणी घातलं तर पाल्यावर जातं, हे तू आता मला लिहून समजावलंस. बागेत राहून म्हातारी झालेल्या बाईला. आणि "अजून दोन दिवस" म्हणजे काय तेही. तुम्ही दोघं दिवसभर पानं चाचपत फिरायचा, कितपत वळली, कितपत गळली. लवकर पाणी दिलं तर बहार गेला, उशीर झाला तर झाड गेलं. म्हणून आज नाही, अजून दोन दिवस. बस्, एवढंच! एवढ्यासाठी माझ्या तीस हिवाळ्यांच्या भाकरी करपल्या. ह्यांनी मला एकदा तरी सांगायचं होतं. पण मी विचारलंच कुठं? आणि तरी मला अजून जळफळाट होतो, बघ. ती पानं चाचपायला मीही चालले असते. माझ्याही हाताला बोटं होती.

पण तुझ्या पत्रातलं पुढचं वाचून मी पत्र खाली ठेवलं. दारापुढची ओळ.

ती कधी धड फुलली नाही. हे तिला वांझ ओळ म्हणायचे. माझ्यासमोर म्हणायचे, आणि लगेच जीभ चावायचे. त्या ओळीला दर थंडीत, तुम्ही उठायच्या आधी, मी अंगणातलं धुण्याचं पाणी बादलीनं घालायची. माझ्या दाराशी उभं राहून तहानलेलं झाड माझ्याकडे पाहतं, ते मला सोसायचं नाही. मला वाटायचं हे कोणालाच ठाऊक नाही.

तू लिहितेस, तू पहिल्या हिवाळ्यापासून पाहत होतीस. कोठ्याच्या दारातून. ह्यांनी विचारलं की ही ओळ का फुलत नाही, तर तू सांगायचीस, तिथं खाली मुरूम लागला आहे मालक, माती नाही. दर वर्षी सांगायचीस. एकदा त्यांनी ती ओळ उपटायला माणसं बोलावली, तर तूच अडवलीस. म्हणालीस, राहू द्या, घराला सावली आहे.

सोळा वर्षांची पोर होतीस तू तेव्हा. मी तुझ्याशी ताटाला ताट लावून जेवतही नव्हते.

नोटीस दादानं तयार केली आणि तू रागानं सही केलीस, असं लिहितेस. राग कशाचा, तर पाच महिन्यांत मी एकदाही 'ये' असं लिहिलं नाही. अगं, वाटे उचलायला ये म्हणून लिहिलं की! तेवढं पुरत नाही होय तुला?

आणि आता म्हणे तू रीतीप्रमाणे उचललंस. गेरू नाही, चुना नाही. "बाई, धाकटीला पसंतीचा हक्क आहे ना? मग मला फक्त दारापुढची ओळ. बाकी सगळं तुमचं." वामनराव डोक्याला हात लावून बसला असेल. मुकुंदाची सोसायटी एका ओळीवर कशी बसणार?

आता माझं ऐक. ती ओळ मी देणार नाही. बाकी सगळी बाग घे, विहीर घे, वावर घे, फुललेल्या ओळी तर तुझ्याच आहेत. दारापुढची ओळ माझी आहे. तिच्यासाठी माझ्याशी भांडायचं असेल तर समोर उभी राहून भांड. आणि तुझं उचलणं मी मानतही नाही. पत्रातून हात पडत नाही. सासऱ्यांच्या वेळी चुलत सासरे तापानं फणफणले होते, तरी बैलगाडीत घालून आणले आणि त्यांचा हात धरून बांधावर ठेवला, तेव्हा वाटा झाला. तू तर धडधाकट आहेस. तुझा हात त्या बुंध्यावर पडल्याशिवाय पटवाऱ्याला मी कागदाला शिवू देणार नाही.

पोराला आणि त्याच्या आईलाही घेऊन ये. उन्हाळ्यात भिलाईला काय भाजून निघायचं आहे? एक सांगून ठेवते, पोर एक दिवस तुझ्या मांडीवर झोपेल, एक दिवस माझ्या. विहिरीचा नियम आहे तोच. तुझ्या दिवशी मी बघणारसुद्धा नाही. बघितलं तर दुरून.

तुझी ट्रंक मी काल उन्हात टाकली, आत कडुलिंबाचा पाला घातला. कोठ्यातलं तुझं पाखं झाडून घेतलं. माझं तसंच आहे.

ये. लिहिलं बघ.

येत्या थंडीत दारापुढच्या ओळीलाही ताण द्यायचा. मी तिला पाणी घालणार नाही. घातलंच, तर कोठ्याच्या दारातून बघायला तू असशीलच.

तुझी थोरली,
जिजाबाई